सायकल शर्यत रस्त्याकडेला उभं राहून पाहायची आहे: एप्रिल की जुलै? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं टीव्हीवर सायकल शर्यती बघतेय, आता एकदा युरोपात जाऊन प्रत्यक्ष बघायच्या आहेत. सोबत बाबा असतील. हे खूळ मुळात त्यांचंच. स्पेनच्या इंदुराइनने 1991 ते 1995 सलग पाच टूर द फ्रान्स जिंकल्या, तेव्हापासूनचे विजेते त्यांना तोंडपाठ आहेत. वय सत्तरीच्या पुढे. तब्येत ठणठणीत आहे पण गुडघे कुरकुरतात. सपाटीवर तासभर आरामात चालतील, चढावर नाही. दोघांपैकी कुणीच तिकडे गाडी चालवणार नाही, म्हणजे जे काही जमवायचं ते ट्रेन, बस आणि पायांच्या भरवशावर.

सुट्टी दहा-बारा दिवसांची, पुढच्या वर्षी. व्हिसा, विमान वगैरे मी बघून घेईन. अडलंय ते शर्यत निवडण्यात. बाबांच्या डोक्यात टूरमधल्या आल्प द्युएझ या आल्प्समधल्या घाटाची 21 वळणं आहेत. मला मात्र बेल्जियममधली फ्लँडर्स आणि फ्रान्समधली रूबे या एकदिवसीय शर्यतींचे कॉबल्स, म्हणजे दगडी फरसबंदीचे रस्ते, खुणावतात. टूर जुलैत, या दोन्ही एप्रिलात, म्हणजे सगळं एका सुट्टीत बसणार नाही हे उघड आहे.

दुसरं म्हणजे, टीव्हीवर सगळं कळतं. हेलिकॉप्टरमधून डोंगर दिसतो, मोटरसायकलवरच्या कॅमेऱ्यातून चेहरे दिसतात, कोण किती मागे ते पडद्यावर येतं. तिथे उभं राहिल्यावर नक्की काय दिसतं? एका मैत्रिणीने टूरचा एक सपाट टप्पा पाहिला होता. ती म्हणाली, "अगं, सूं करून गेले, मी फोन काढेपर्यंत संपलं." एवढ्यासाठी बाबांना एवढ्या लांब नेण्यात अर्थ नाही.

आणि तिसरं, बाबांना बसायला मिळेल अशी जागा कुठे असते? स्टूल न्यावं का? तिकिटं असतात का? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गिअरबदल्या:

ताई, जुलै विसरा, एप्रिल धरा.

टूरचा मार्ग जाहीर होतो आदल्या ऑक्टोबरात. त्यात आल्प द्युएझ असेलच असं नाही. 2018, 2022 आणि 2026 एवढ्याच वर्षी तो मधल्या काळात पुरुषांच्या टूरमध्ये आला. उलट फ्लँडर्सची शर्यत दर वर्षी साधारण एप्रिलच्या सुरुवातीच्या रविवारी (क्वचित मार्चअखेर), त्याच टेकड्यांवर. डोळे मिटून बेत आखता येतो.

मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. सपाट रस्त्यावर पेलोटॉन, म्हणजे खेळाडूंचा मुख्य जथा, काही सेकंदांत निघून जातो. पण फ्लँडर्सची गंमतच वेगळी. 2012 पासून शर्यत औदेनार्देला संपते आणि उत्तरार्धात त्या गावाजवळच्या टेकड्यांभोवती घिरट्या घालते. औदे क्वारेमाँट हा चढ पुरुषांच्या शर्यतीत तीनदा येतो, पाटरबर्ग दोनदा. म्हणजे क्वारेमाँटवर एकाच जागी थांबलात की पहिल्यांदा जवळजवळ अख्खा जथा दिसतो, दुसऱ्यांदा त्याच्या चिंधड्या झालेल्या असतात, आणि तिसऱ्यांदा शर्यत जिंकू शकतील असे दोघं-तिघं पुढे आणि बाकीचे मागे विखुरलेले. कोण कुठे तुटलं ते डोळ्यांदेखत कळतं. शिवाय महिलांची शर्यतही त्याच दिवशी आणि याच चढांवरून. एका दिवसात एवढं घसघशीत दुसरीकडे कुठे मिळणार?

काय दिसतं म्हणाल तर: कॉबल्सच्या कडेला हातभर रुंद गुळगुळीत पट्टी असते. दगडांचे धक्के चुकवायला खेळाडू तिच्यावर येतात, म्हणजे अक्षरशः तुमच्या बुटांना घासून जातात. टीव्हीवर कधीच ऐकू न येणारा आवाज तिथे येतो, दीडशे सायकलींच्या साखळ्या एकदम खडखडतात तो. चेहरे धुळीने किंवा चिखलाने माखलेले. पाऊल मागे घ्यायला विसरू नका.

काकांसाठी: राहायला गेंट धरा. तिथून ट्रेनने औदेनार्दे अर्ध्या तासाच्या आसपास. औदेनार्देत या शर्यतीचं संग्रहालय आहे, ते आदल्या दिवशी बघून घ्या. क्वारेमाँट औदेनार्देपासून साधारण दहा किलोमीटरवर आहे, तेवढं चालू नका. शेल्ट नदीच्या काठाने सपाट सायकलमार्ग आहे. काका सायकल चालवत असतील तर ई-सायकल भाड्याने घ्या, गुडघ्यांना त्रास नाही. वर चढायची गरजही नाही. चढाच्या पायथ्याशी, कॉबल्स सुरू होतात त्या तोंडाशी थांबा. तिथे पुढची जागा पटकावायला जी झुंबड उडते ती वरच्या भागापेक्षाही बघण्यासारखी असते, असं माझं मत.

रस्त्याकडेला उभं राहायला एरवी पैसे लागत नाहीत. पैसे पडतात ते तंबूतल्या खाण्यापिण्यासकट जागांचे. त्या मला कधीच पटल्या नाहीत. शर्यतीकडे पाठ करून ग्लास हातात धरलेली माणसंच जास्त.

घाटमाथा:

गिअरबदल्या बरोबर सांगताहेत, पण डोंगराची बाजू कुणीतरी मांडायला हवी ना!

डोंगरी टप्पा म्हणजे फक्त शर्यत नव्हे, अख्ख्या दिवसाची जत्रा असते ती. सकाळपासून माणसं चालत, सायकलवर वर चढत असतात. रस्त्यावर रंगाने नावं लिहिणं चालू असतं. आल्प द्युएझच्या सातव्या वळणावर डच मंडळींचा केशरी धिंगाणा. वळणांचे आकडे खालून वर 21 पासून 1 पर्यंत उतरत जातात आणि प्रत्येकावर जुन्या विजेत्यांच्या नावाची पाटी. 1952 सालचा पहिला विजेता फाउस्तो कॉपी. शर्यतीच्या दीड-दोन तास आधी जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा येतो आणि टोप्या, गोळ्या, की-चेन उधळत जातो. भली भली माणसं पाच पैशांच्या टोपीसाठी रस्त्याकडेच्या गवतात लोळताना बघितलीत मी.

मग लांबून हेलिकॉप्टरची घरघर. ती जवळ आली की पोलिसांच्या मोटरसायकली, मग शर्यत संचालकांची लाल गाडी, आणि मग ते. चढावर वेग कमी, त्यामुळे एकेक चेहरा नीट ओळखू येतो. पहिला गेल्यावर शेवटचा गट यायला अर्धा तास सहज लागतो. स्प्रिंटर मंडळी (सपाटीवर शेवटी सुसाट सुटणारी, चढावर मागे पडणारी) एकत्र जमून वेळेच्या मर्यादेत पोचायची धडपड करत असतात. मला नेहमी त्यांच्यासाठीच ओरडावंसं वाटतं.

पण ताई, तुमच्या बाबांना मी तिथे नेणार नाही. चढ सुमारे 13.8 किलोमीटर, सरासरी उतार 8 टक्क्यांच्या वर. वाहनांना रस्ता शर्यतीच्या कितीतरी तास आधी बंद होतो. प्रसिद्ध घाटांवर तर कॅम्परवाले कित्येक दिवस आधीच जागा धरून बसलेले. शर्यत संपल्यावर सगळी गर्दी एकदम खाली निघते, बस हलायला तास-तास लागतात. वर उन्हात भाजून निघता आणि ढग आला की जुलैतही दात वाजतात. पाठ टेकायला जागा नाही, स्वच्छतागृहाची मारामार. गाडी नसताना, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, नकोच.

धागाकर्ती:

दोघांचेही आभार! बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रूबे बघायला मिळत असेल तर आल्प्स सोडला." तेव्हा एप्रिल नक्की. आता फ्लँडर्सच्या पुढच्याच रविवारी रूबे येते ना? मधले दिवस काय करायचं? आणि रूबेला बाबांनी थांबायचं कुठे? आरेनबर्गच्या जंगलात जावं का?

दगडवाट:

हो, बरोब्बर पुढचा रविवार. त्या बारा दिवसांत बेल्जियममध्ये सायकलवेड्यांची दिवाळीच असते. फ्लँडर्सच्या आधीच्या बुधवारी ड्वार्स डोर व्लांदेरन, ती वारेगेमला संपते. नंतरच्या बुधवारी अँटवर्पजवळ स्खोटेनला शेल्देप्राइस. ही स्प्रिंटरांची, सपाट शर्यत. शेवटी गावातून फेऱ्या असतात, म्हणजे एका जागी थांबून पुन्हापुन्हा बघता येतं.

या मधल्या शर्यती चुकवू नका, कारण खेळाडू जवळून भेटतात ते इथेच. टूरमध्ये संघांच्या बसपाशी कुंपण आणि पासवाले पहारेकरी. छोट्या शर्यतींत मात्र सुरुवातीच्या गावी बसच्या दारापर्यंत जाता येतं. शर्यत सुटायच्या तासभर आधी पोचा. खेळाडू सही करायला मंचाकडे जातात आणि परत येतात, तेव्हा गाठायचं. मेकॅनिक टायरमधली हवा तपासत असतो, कुणी हँडलच्या खाली चढांची यादी चिकटवत असतो. हे बघण्यातच माझा अर्धा आनंद असतो. सही हवी असेल तर स्वतःचं पेन घेऊन जा. जाताना विचारलंत तर "नंतर" म्हणतील, मंचावरून परत येताना विचारा.

रूबेबद्दल. सुमारे 260 किलोमीटर, त्यातले 55 च्या आसपास कॉबल्सचे. आरेनबर्गचा पट्टा सव्वादोन किलोमीटरच्या वर आहे, भयंकर आहे, पण तिथून शर्यत एकदाच जाते. लोक ती बघतात आणि गाडी हाणत पुढचा पट्टा गाठतात. गाडीशिवाय तुम्ही तिथेच अडकाल, शेवट फोनवर बघावा लागेल. त्यापेक्षा लीलहून मेट्रोने रूबे गाठा आणि थेट व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे शर्यत जिथे संपते त्या सायकल ट्रॅकच्या मैदानात, बसा. मोठ्या पडद्यावर शर्यत दिसते, बसायला मिळतं आणि शेवटी ते आत येऊन दीड फेरी मारतात. एकटा आला तर अख्खं मैदान उभं राहतं, दोघं-तिघं आले तर ट्रॅकवरची लढत. पण विजेता गेला म्हणून उठू नका. त्यानंतर बराच वेळ एकेक, दोघं-दोघं येत राहतात, काही जण वेळेची मर्यादा उलटून गेल्यावरसुद्धा.

महिलांची रूबे 2021 पासून सुरू झाली, पहिली लिझी डेग्ननने जिंकली. तिचं वेळापत्रक त्या-त्या वर्षीचं तपासा आणि जमवून घ्या.

गिअरबदल्या:

कोण पुढे आहे ते कसं कळणार, हे राहिलंच सांगायचं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क हमखास झोपतं. क्वारेमाँटवर मोठे पडदे असतात, त्यातला एखादा दिसेल अशी जागा धरा. नाहीतर शेजारच्या बेल्जियन आजोबांना विचारा. कानाला रेडिओ लावून बसलेला एक तरी असतो आणि भाषा न कळताही सांगतो.

स्टूल जरूर न्या, घडीचं आणि हलकं. पण ते रस्त्यापासून लांब ठेवायचं, शर्यत आली की उभं राहायचं.

खेळाडूंनी फेकलेली पाण्याची बाटली आठवण म्हणून मिळवायची हौस असेल तर हे ऐका. 2021 पासून रिकाम्या बाटल्या वाटेल तिथे भिरकावता येत नाहीत. त्याच वर्षी फ्लँडर्समध्ये मिखाएल शेअरने प्रेक्षकांकडे बाटली टाकली आणि त्याला थेट शर्यतीबाहेर काढलं. बिचारा तो घरी गेला. नंतर नियम थोडा सैल झाला. तरी हमखास जागा म्हणजे कचरा टाकण्यासाठी पाट्या लावून आखून दिलेला पट्टा. तिथे चढांइतकी गर्दीही नसते.

आणि एक कळकळीचं. शर्यत येते त्या बाजूलाच तोंड ठेवा, सेल्फीसाठी पाठ फिरवू नका. 2021 च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्यात एक बाई कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याची पाटी धरून उभी होती. टोनी मार्टिन तिच्यावर आदळला आणि मागचे डझनावारी त्याच्यावर. काकांना हे माहीत असेलच, पण शेजारी कुणी असं करताना दिसलं तर खुशाल खांदा धरून मागे ओढा. तिकडे कुणी रागावत नाही.

धागाकर्ती:

सगळं टिपून घेतलं! ई-सायकलची कल्पना बाबांना एवढी आवडली की आता नवीनच टूम निघालीय. फ्लँडर्सच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हौशी लोकांची राइड असते म्हणे त्याच चढांवरून. "मी पण क्वारेमाँट चढणार," असं चाललंय. काय करू?

दगडवाट:

शनिवारी नको. हजारो लोक असतात, पाटरबर्गवर तर माणसं सायकल हातात धरून ढकलत असतात आणि मागचा पुढच्यावर पडत असतो. (पाटरबर्ग जेमतेम 360 मीटरचा, पण काही ठिकाणी 20 टक्के चढ. शर्यत आपल्या दारावरून जावी म्हणून एका शेतकऱ्यानेच तिथे कॉबल्स बसवले अशी गोष्ट तिकडे सांगतात.)

गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी काकांना घेऊन जा. रस्ते उघडे असतात, घाई नसते, दम लागला की थांबता येतं. आणि त्याच दोन दिवसांत संघ शेवटच्या चढांची पाहणी करायला येतात. एखादा अख्खा संघ मागे आपली गाडी घेऊन काकांच्या शेजारून वर जाईल. कॅमेरा सायकलच्या पिशवीत ठेवू नका, गळ्यात ठेवा.