स्नोमोबाईल उन्हाळ्यासाठी ठेवायचीये, टाकी रिकामी करू की फुल्ल? (मदत हवी आहे, अर्जंट)

हेमंत_डलूथ
नमस्कार मंडळी. शुक्रवारी फ्लाईट आहे, अडीच महिने साताऱ्याला आईबाबांकडे चाललोय आणि स्लेड (स्नोमोबाईल) गॅरेजमध्ये तशीच उभी आहे. मागच्या एप्रिलमध्ये नुसतं कव्हर टाकून ठेवून दिली, डिसेंबरमध्ये पहिला चांगला बर्फ पडला तर चालूच होईना, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, शेवटी झाली ती एकाच सिलिंडरवर, मग दुकानात दोन आठवडे पडून राहिली आणि तेवढ्यात पोराची सुट्टी संपली. रोज विचारायचा, आली का म्हणून. यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. एवढंच सांगा, टाकी रिकामी करू की भरू? शेजारी म्हणतो रिकामी कर, व्हिडिओत सगळे म्हणतात भर.

उत्तरवारा
गाडी कुठली, कार्ब म्हणजे कार्बोरेटर की फ्युएल इंजेक्शन, पेट्रोल कुठलं भरता? हे कळल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

हेमंत_डलूथ
पोलारिस, टू-स्ट्रोक. टाकी अर्धी आहे. रिकामी करू का, तेवढं सांगा ना.

वैशाली_मिशिगन
रिकामी अजिबात करू नका! आमच्या फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो, टाकी कोरडी ठेवली की सील सुकतात. आम्ही दरवर्षी जवळपास गळ्यापर्यंत भरतो, वरती फुगायला थोडी जागा सोडतो, स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायचं औषध) टाकतो आणि दहा मिनिटं इंजिन चालवतो म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं. इंजिन ऑइल पण ठेवायच्या आधी बदलायचं, नंतर नाही.

जुना_चेतक_पुणे
वैशालीताई, त्यांची टू-स्ट्रोक आहे, ऑइल काय बदलणार. हेमंतराव, सोपं आहे. आमची बजाज चेतक होती, मे महिन्यात गावी जाताना पेट्रोलचा कॉक बंद करायचो आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचो. कार्बोरेटर कोरडा, जून महिन्यात चार किकात चालू. फरक एवढाच की तेव्हा पेट्रोल पेट्रोल होतं, आता २०% इथॅनॉल, माझी मोटरसायकल महिनाभर उभी राहिली तरी कुरकुरते.

उत्तरवारा
चेतकवाले, महिना आणि आठ महिने यात फरक आहे हो. बंद पडेपर्यंत चालवलं तरी फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाशी थोडं उरतंच, तेच सुकून चिकट होतं आणि पायलट जेटच्या बारीक भोकात बसतं. हेमंतची एकाच सिलिंडरवर चालली ती बहुतेक त्याच्यामुळेच. शिवाय पेट्रोल संपत आलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, टू-स्ट्रोकला ते चांगलं नाही.

जुना_चेतक_पुणे
पंधरा वर्षं केलंय साहेब, काही झालं नाही.

शरदकाका_ओंटॅरिओ
उंदरांचं काय करणार? माझ्या एअरबॉक्समध्ये घरटं निघालं होतं, सीटचा फोम कुरतडून नेलेला. एक्झॉस्ट आणि हवेच्या तोंडाला स्टील वूलचा बोळा कोंबा. ट्रॅक सैल करून गाडी स्टँडवर उचला, बेल्ट काढून ठेवा.

हेमंत_डलूथ
काका ते करतो, पण आधी पेट्रोलचं कळू दे. २००१ ची इंडी ५०० आहे, मिकुनी कंपनीचे दोन कार्ब, चोक आहे. पेट्रोल कोपऱ्यावरच्या पंपावरचं साधं ८७ ऑक्टेन.

उत्तरवारा
हे पहिल्यांदा सांगितलं असतं तर! ८७ म्हणजे १०% इथॅनॉल. ते हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की इथॅनॉल आणि पाणी दोन्ही वेगळे होऊन तळाला बसतात आणि तुमची पेट्रोलची नळी तिथूनच ओढते. जुनं अर्धं पेट्रोल सायफनने काढा, स्टॅबिलायझर शिळं पेट्रोल ताजं करत नाही. तुमच्या मिनेसोटात ९१ चं नॉन-ऑक्सी, म्हणजे बिनइथॅनॉलचं, मिळतं, पंपावर लेबल असतं, स्नोमोबाईलला चालतं. त्याने ९५% भरा म्हणजे आत दव धरायला हवाच राहणार नाही. स्टॅबिलायझर म्हणून लाल स्टा-बिल, अडीच गॅलनला एक औंस. दहा मिनिटं चालवा. मग इंजिन चालू असतानाच दोन्ही कार्बच्या तोंडात आळीपाळीने फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू नये म्हणून मारायचं तेल) मारा, पांढरा धूर येऊन गुदमरेपर्यंत. हे टाळू नका, टू-स्ट्रोकच्या क्रँकखाली तेलाचं तळं नसतं, बेअरिंग उघडी राहून गंजतात. नंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं मारा, किल स्विच दाबून, प्लगच्या टोप्या अर्थला लावून दोरी दोनतीनदा हळू ओढा. सगळ्यात शेवटी कॉक बंद, आणि बाऊलच्या तळाचे बोल्ट काढून दोन्ही बाऊल रिकामे. म्हणजे टाकी भरलेली आणि कार्ब कोरडे. शेजारी पण अर्धा बरोबर आहे.

वैशाली_मिशिगन
हेमंत, गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर आहे का? असेल तर सायफन आणि बाऊलचं काम अंगणातच करा, दार उघडं ठेवून आत नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत हीटरच्या पायलटच्या ज्योतीपर्यंत जाते. कळवळून सांगतेय.

मराठी_माणूस_टेक्सास
स्लेडचा इन्शुरन्स उन्हाळ्यात बंद करता येतो का?

हेमंत_डलूथ
ताई, हीटर आहे आणि अगदी शेजारीच आहे. बरं झालं सांगितलंत, बाहेर ढकलतो. काढलेलं चार गॅलन पेट्रोल कारमध्ये घालू का?

उत्तरवारा
ऑइल इंजेक्शन, म्हणजे तेल वेगळ्या टाकीतून आपोआप जाणं, चालू आहे ना, तुम्ही टाकीत तेल मिसळत नाही ना? मग घाला, कारची टाकी भरत आलेली असताना थोडं थोडं. तळाला पाणी दिसलं तर घालू नका, काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या.

हेमंत_डलूथ
बुधवार रात्र, झालं सगळं. डावा बाऊल स्वच्छ, उजव्याच्या तळाला हिरवट चिकट थर होता, आता कार्ब क्लीनरने धुतला. पोरगा टॉर्च धरून उभा होता, त्यालाच दाखवला. शरदकाका, बोळेही कोंबलेत, आणि हँडलला चिठ्ठी बांधलीये: आधी बोळे काढ, मग कॉक उघड.