लीजवर घ्यावी की विकत? महागड्या स्पोर्ट्‌स कारचे तुमचे अनुभव सांगा

वाळूजला माझं छोटं मशीन शॉप आहे, वय 47. ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) एकदम 150 मर्सिडीज आल्या, तेव्हा मी दुसऱ्याच्या शॉपवर लेथ चालवत होतो. 65 कोटींची ती खरेदी. जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी तेव्हापासून मनात आहे. आता ऐपत आली आहे. शोरूमवाला म्हणतो लीज करा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्या आणि मग परत द्या. मेहुणा म्हणतो विकत घे. 80 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी काढलं तर हप्ता 1 लाख 66 हजार बसतो. लीजचा आकडा 4 वर्षांसाठी जवळपास तेवढाच सांगितलाय, त्यात विमा आणि सर्व्हिसिंग धरून. ज्यांनी गाडी प्रत्यक्ष वापरली त्यांनी सविस्तर लिहावं. आईलाही त्यात बसवून पैठणला न्यायचं आहे, तेही लक्षात घ्या.

जालना, सळईचा धंदा

मी विकत घेतली. रस्त्यावर येईपर्यंत 1 कोटी 12 लाख लागले. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला होता. पहाटे पाचला चढायचो आणि 120 च्या मर्यादेत राहूनही जीव सुखावायचा. त्या सुखाला मोल नाही, हे मनापासून सांगतो.

विकायची वेळ आली तेव्हा मात्र खरं कळलं. जालन्यात गिऱ्हाईक नाही, संभाजीनगरात बघायला येणारे पुष्कळ, घेणारा एक नाही. शेवटी पुण्याच्या व्यापाऱ्याने 58 लाखांना नेली. साडेतीन वर्षांत 54 लाख गेले, म्हणजे महिन्याला जवळपास 1 लाख 29 हजार. व्याज, विमा, टायर वेगळे. हप्ता किती बसतो हे बघू नका भाऊ, चौथ्या वर्षी गाडी घेणार कोण आणि केवढ्याला, ते आधी दोन व्यापाऱ्यांना विचारून या.

नांदेड, चार्टर्ड अकाउंटंट

दादा, कराचं एवढं बघून घ्या. पेट्रोल गाडी 20 लाखांच्या वर असेल तर आरटीओचा एकरकमी कर 13 टक्के. तीच गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली, किंवा बाहेरून तयार आलेली असली, तर 20 टक्के. म्हणजे इथल्या शेंद्र्याच्या कारखान्यात सुटे भाग जोडून तयार झालेल्या गाडीत आणि थेट परदेशातून आलेल्या दोनदारीत इथेच मोठा फरक पडतो. कराची कमाल मर्यादाही 1 जुलै 2025 पासून 20 लाखांवरून 30 लाख झाली आहे.

धंद्यात विकत घेतली तर घसारा वर्षाला 15 टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. चार वर्षांत जेमतेम 48 टक्के वजावट होते. मार्चमध्ये घेतली तर पहिल्या वर्षी निम्माच. लीजचं भाडं मात्र, गाडी खरोखर धंद्यासाठी वापरत असाल तर, त्या त्या वर्षी पूर्ण खर्चात धरता येतं. माझे जे अशील लीजकडे वळले ते याच कारणाने. पण भाड्यावरचा जीएसटी परत मिळेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तुमच्या-माझ्या वापराच्या गाडीला ते क्रेडिट कायद्यानेच अडवलेलं आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवर दर 40 टक्के आहे. गाडी घेताना विक्रेता आयकरापोटी आगाऊ घेतो तो 1 टक्का टीसीएस तेवढा विवरणपत्रात परत घ्या. पुष्कळ जण विसरतात.

लातूर, डॉक्टर

मी तीन वर्षं लीजवर वापरली. वर्षाला 15 हजार किलोमीटरची मर्यादा होती. मला वाटलं भरपूर झाली. मुलगी पुण्याला शिकते, जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटर. दुसऱ्या दिवाळीलाच हिशेब हाताबाहेर गेला.

परत द्यायचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. एक तरुण मुलगा आला, अतिशय नम्र. त्याच्या हातात टॉर्च आणि रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र. प्रत्येक दारावर ते टेकवायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. मग गुडघ्यावर बसून पुढच्या बंपरखाली हात फिरवला आणि हाताला लागलेली धूळ मला दाखवली. खालची कड पूर्ण खरवडली होती. औशाकडे जाताना गावागावांत गतिरोधक आहेत, गाडी तिरकी घेतली तरी पोट टेकायचंच. चारही चाकांच्या रिंगांवर ओरखडे. जादा किलोमीटर आणि नुकसान मिळून 2 लाख 85 हजार भरले.

तरीही सांगतो, विकायची कटकट झाली नाही, गाडी बंद पडली तर माझं डोकं दुखलं नाही. दवाखाना सांभाळणाऱ्या माणसाला ते मोलाचं आहे. फक्त 'सामान्य झीज' कशाला म्हणायचं, ओरखडा किती इंचांपर्यंत चालेल, हे आधी कागदावर घ्या.

धाराशिव

सप्टेंबर 2025 च्या पावसात माझी लीजची गाडी तळघरात बुडाली. गडबडीत स्टार्टर मारला, इंजिनात पाणी गेलं. विम्यात इंजिन संरक्षण जोडलेलं नव्हतं. विमा लीजवाल्या कंपनीने घेतलेला, मी कधी वाचलाच नव्हता. दुरुस्तीचे पैसे माझ्याकडून वसूल झाले आणि भाडंही चालूच होतं.

परभणी

मला हे लिहायला अवघड जातंय, पण लिहिते. गाडी यांची हौस होती. जिनिंग चांगलं चाललं होतं, चार वर्षांचं लीज केलं. सतराव्या महिन्यात यांना आजार निघाला. मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. दारात गाडी उभी आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं कापलं जायचं. सासूबाई म्हणायच्या, "इकून टाक की गं माय ती." त्यांना कसं सांगू, की आपली नाही ती, विकता येत नाही.

एकोणिसाव्या महिन्यात परत केली. मुदतीआधी सोडल्याबद्दल उरलेल्या भाड्यातला मोठा हिस्सा एकदम मागितला. यांच्या उपचारांसाठी ठेवलेली ठेव मोडली. कर्जावर घेतली असती तर तोटा झाला असता, पण आठ दिवसांत विकून मोकळे झालो असतो. भाऊ, करारात मुदतीआधी सोडण्याचं कलम बायकोसोबत बसून वाचा. आमच्या घरी ते दोघांपैकी कुणीच वाचलं नव्हतं.

बीड, ऊस आणि ट्रॅक्टर एजन्सी

ताईंनी लिहिलंय तेच खरं. आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदा येतो, भाडं मात्र बारा वेळा जातं. मी तीन वर्षं जुनी गाडी रोखीने घेतली. पहिल्या मालकाने सगळी घट सोसली होती. पंचावन्न लाखांत घरी आली, मनासारखी फिरवतो.

वाळूजहून पुन्हा

सगळ्यांचं वाचलं, परभणीच्या ताईंचं दोनदा. ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. काल रात्री हिच्यासोबत बसून शोरूमने दिलेला करार वाचला. ते कलम अकराव्या पानावर होतं, बारीक अक्षरात. माझ्या शॉपचे दोन मोठे गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतात. असं असताना चार वर्षांचं बांधून घेणं मला झेपणार नाही, लीज नको हे ठरलं.

बीडच्या भाऊंसारखी जुनी बघतोय. पुण्यात एक निळी आहे, 21 हजार किलोमीटर झालेली. रविवारी आईला घेऊन जातोय. तिचे गुडघे दुखतात. एवढ्या खाली बसून तिला उठता येतं का, ते आधी बघतो.