टीकॅस (विमानांची हवेतली टक्कर टाळणारं यंत्र) ओरडला की वैमानिक ऐकतो कुणाचं?

खिडकीची_सीट: परवा पुणे-दिल्ली विमान अचानक वर चढलं, चहा शर्टवर. नंतर कॅप्टन म्हणाले, "जवळ दुसरं विमान होतं." अशा वेळी जमिनीवरच्या कंट्रोलरला विचारत नाहीत का?

निवृत्त_कॅप्टन: विचारायला वेळ कुठे? आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" ऐकू येतं. तेव्हा नुसतं सावध व्हायचं. "क्लाइंब, क्लाइंब" आलं की ऑटोपायलट काढायचा, ५ सेकंदांत नाक उचलायला लागायचं, चढ-उताराचा वेग दाखवणारी सुई लाल पट्ट्यातून हिरव्यात आणायची. मग रेडिओवर "टीकॅस आरए", म्हणजे यंत्राचा हुकूम पाळतोय, एवढंच. समोरच्याला त्याच वेळी "डिसेंड" सांगितलेलं असतं. दोन्ही यंत्रं आपसांत ठरवतात. असा हुकूम मला उभ्या नोकरीत दोनदाच आला. दुसऱ्यांदा उतरल्यावर लॉगवर सही करताना पेन घामाने निसटत होतं. बाकी, चहा सांडला म्हणजे तुमच्या कॅप्टनने जरा जोरातच ओढलं हो!

शंकासुर: कंट्रोलर उलट सांगत असेल तर?

निवृत्त_कॅप्टन: तरी यंत्राचंच. १ जुलै २००२, जर्मनीतलं युबरलिंगेन. रशियन तुपोलेव्हला यंत्र म्हणालं वर, कंट्रोलर म्हणाला खाली. ते खाली गेले. मालवाहू बोइंग यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. टक्कर झाली, ७१ माणसं गेली.

शंकासुर: आणि आपलं चरखी दादरी?

निवृत्त_कॅप्टन: १९९६. हरयाणात दोन विमानांची हवेत टक्कर, ३४९ जीव. आपल्याकडे टीकॅस सक्तीचा झाला तो त्यानंतर.