कामासाठी सततचा विमानप्रवास: कोणत्या कंपनीचं सदस्यत्व धरलंत आणि का?

देशातल्या देशात फिरतीची नोकरी असणाऱ्यांसाठी हा अनुभव धागा काढतेय. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याच सुमारास इंडिगोने ब्लूचिप ही स्वतःची सदस्य योजना आणली. त्यामुळे कामासाठी उडणाऱ्या बहुतेकांपुढे आता दोनच मोठे पर्याय उरलेत: एअर इंडियाचा महाराजा क्लब किंवा इंडिगोची ब्लूचिप. प्रवासावर किती पॉइंट मिळतात आणि ते साठवून तिकीट कसं निघतं, हे जाहिरातीत वाचायला मिळतंच. मला ऐकायचंय ते वेगळं. तुमचं शहर कोणतं, काम काय, तिकीट कोण काढतं आणि सदस्यत्वाचा खरा उपयोग कशासाठी झाला?

माझं मत आधीच सांगते. योजना निवडताना पॉइंट शेवटी बघावेत, वेळापत्रक आधी. तुमचं मत वेगळं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

पुणे, वाहनांच्या सुट्या भागांची विक्री

माझे ग्राहक चेन्नई, गुरुग्राम आणि साणंद भागातले. तिकीट ऑफिस काढतं, पण कोणतं विमान हवं ते मी सांगतो. तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं, त्यामुळे नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मर्यादित. म्हणून मी माझ्या नेहमीच्या मार्गांचा एक साधा तक्ता केला. सकाळचं पहिलं विमान कोणाचं, रात्री घरी आणणारं शेवटचं कोणाचं, आणि त्याच कंपनीची मधे आणखी किती विमानं आहेत, एवढंच त्यात होतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. एक विमान रद्द झालं तर कंपनी तुम्हाला सहसा स्वतःच्याच पुढच्या विमानात बसवते. दिवसाला एकच विमान असेल तर मुक्काम पडला म्हणून समजा. ज्या कंपनीचा तिसरा रकाना भरलेला दिसला, तिचं सदस्यत्व मी धरलं.

दुसरा उपयोग सामानाचा. माझ्याबरोबर नमुन्यांची पेटी असते. ओतकामाचे चार-पाच नमुने घेतले की इकॉनॉमीची पंधरा किलोची मर्यादा सहज ओलांडली जाते. सतत उडून सदस्यत्वाच्या वरच्या श्रेणीत गेलो आणि जादा सामान मिळायला लागलं, तेव्हापासून ऑफिसचा तो खर्च वाचला आणि काउंटरवर पेटी उघडून वस्तू इकडून तिकडे करणं थांबलं. माझ्या हिशोबाने फुकट तिकिटापेक्षा ही सोय मोठी.

एक मात्र करा. नाव दोन्ही योजनांत नोंदवा, त्याला पैसे पडत नाहीत. जोर एकाच ठिकाणी लावा. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर विमानं रद्द होत होती, तेव्हा मिळेल त्या विमानाने लोक घरी आले. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा क्रमांक हाताशी असला की तो प्रवासही कुठेतरी जमा होतो.

नागपूर, लेखापरीक्षण

आमच्याकडे निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही. इथून सुटणारी बहुतेक विमानं एकाच कंपनीची, मग सदस्यत्वही तिचंच. पुणेकर तीन रकाने मांडतात, मला एक पुरतो. दिल्ली-मुंबईच्या जाहिराती वाचून दुसऱ्या कंपनीची वरची श्रेणी मिळवायला जाऊ नका. तेवढी विमानं तुमच्या गावातून उडतच नाहीत.

मुंबई, विमा व्यवसाय

मी या क्षेत्रात जुनी आहे, म्हणून थोडा इतिहास सांगते. नव्या मुलामुलींना तो ठाऊक नसतो आणि पॉइंट साठवत बसण्याची सवय लागायच्या आत तो ठाऊक असायला हवा.

किंगफिशरची उड्डाणं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. विमानंच नाहीत म्हटल्यावर किंग क्लब या तिच्या योजनेतल्या पॉइंटना काही अर्थ राहिला नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण तिथे गोष्ट वेगळी घडली. जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीच्या हाती होती आणि त्या कंपनीत एतिहाद या परदेशी विमान कंपनीचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा होता. त्यामुळे विमानं जमिनीवर आली तरी पॉइंट शिल्लक राहिले आणि पुढे योजनेचं नाव इंटरमाइल्स झालं. तिसरा प्रकार विस्ताराचा. कंपनी बुडाली नाही, विलीन झाली. क्लब विस्ताराच्या सदस्यांचे पॉइंट आणि श्रेणी एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाल्या.

म्हणजे कंपनी बंद पडली, की योजना वेगळी होती, की विलीनीकरण झालं, यावर तुमच्या साठ्याचं काय होणार ते ठरतं, आणि त्यातलं काहीही सदस्याच्या हातात नसतं. पॉइंटची किंमतही कंपनीच ठरवते. आज अमुक पॉइंटांत मिळणारं तिकीट पुढच्या वर्षी जास्त पॉइंटांत मिळू शकतं. बँकेत ठेव ठेवली तर व्याज मिळतं. इथे नुसतं साठवून काही वाढत नाही. म्हणून एका परतीच्या तिकिटापुरते पॉइंट जमले की मी ते वापरते. आईवडिलांना रत्नागिरीहून मुंबईत आणायचं आणि पुढे दिल्लीला भावाकडे पाठवायचं, तो दिल्लीचा प्रवास गेली काही वर्षं पॉइंटांवरच होतो. दोघांना रेल्वेतले सोळा-सतरा तास आता झेपत नाहीत. माझ्या फिरतीतून त्यांचा प्रवास सुखाचा होतो याचं मला फार समाधान आहे.

पुणे, केंद्र सरकारची प्रयोगशाळा

सरकारी नोकरीतल्यांसाठी एक मुद्दा नोंदवतो, कारण वरची चर्चा वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे सरकारी कामाच्या तिकिटावर मिळालेले पॉइंट खात्याच्या पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात. ते खासगी सहलीसाठी वापरले तर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते. तिकीटही ठरलेल्या तीन संस्थांकडूनच काढावं लागतं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. पूर्वी एअर इंडियानेच जायचा नियम होता. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली आणि त्या सुमारास ते बंधन सुटलं. आता ठरलेल्या वेळेच्या टप्प्यातलं स्वस्त तिकीट बघायचं, मग कंपनी कोणतीही असो.

तेव्हा ‘जोर एकाच ठिकाणी लावा’ हा वरचा सल्ला आम्हाला लागू होत नाही आणि व्हायलाही नको. पैसा जनतेचा आहे.

*धागाकर्ती:* सर, हा मुद्दा लिहिलात हे फार बरं झालं. खासगी नोकरीतल्यांनीही आपल्या कंपनीचं प्रवास धोरण एकदा नीट वाचावं. बहुतेक ठिकाणी पॉइंट कर्मचाऱ्याचे असतात, पण ते धोरणात स्पष्ट लिहिलेलं असलेलं चांगलं.

इचलकरंजी, कापड व्यापार

आम्ही स्वतःच्या खिशातून तिकीट काढणारी माणसं. ट्रॅव्हल डेस्क वगैरे काही नाही. कधी कोल्हापुरातून, कधी बेळगावातून, नाहीतर रात्रीच्या गाडीने पुणे गाठून तिथून. तीन विमानतळ आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कंपन्या. एकाच योजनेत माझं बस्तान बसलं नाही, आणि मी त्याचा आग्रहही सोडला.

माझ्यासारख्यांनी पॉइंटांच्या आधी जीएसटी बघावा. तिकीट काढतानाच धंद्याचा जीएसटी क्रमांक टाकायचा. इकॉनॉमीवर ५ टक्के कर आहे. समजा कर लागू होणारं भाडं सात हजार, तर साडेतीनशे रुपये. नियमात बसणाऱ्या धंद्याच्या प्रवासाला ते वजावटीत मिळतात. इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय, म्हणजे तिथे क्रमांक विसरणं आणखी महाग. एका तिकिटावर मिळणाऱ्या पॉइंटांपेक्षा ही रक्कम बऱ्याचदा मोठी भरते. माझ्या सीएंनी हे दाखवून दिलं आणि त्यानंतर मी प्रत्येक तिकिटाचं बिल वेगळं उतरवून ठेवतो. बोर्डिंग पास म्हणजे बिल नव्हे.

दुसरा हिशोब पॉइंटांच्या तिकिटाचा. फुकट तिकिटावरही कर आणि विमानतळाचे आकार रोखीने भरावे लागतात. म्हणून रोखीच्या भाड्यातून ते आकार वजा करा आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. एका पॉइंटला किती पैसे पडतात ते कळतं. भाडं स्वस्त असताना हा आकडा पडतो, दिवाळीच्या तोंडावर चढतो. गरजेच्या दिवशी पॉइंटांवर जागा मिळाली तर तेव्हाच वापरा.

ठाणे, ट्रॅव्हल डेस्क

रोज दुसऱ्यांची तिकिटं काढते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. पॉइंट बुडतात ते बहुतेक वेळा नावामुळे.

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, असं तिहेरी लिहायची पद्धत. आधार कार्डावर तिन्ही, पॅनवर वेगळ्या क्रमाने, सदस्यत्वाच्या अर्जात दोनच, आणि ऑफिसच्या यादीत मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तिकिटावरचं नाव आणि सदस्याचं नाव जुळलं नाही की पॉइंट जमा होत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींना हा त्रास सगळ्यात जास्त. सदस्य होतानाच ओळखपत्रावर आहे अगदी तसं नाव भरा आणि तेच आम्हाला कळवा.

दुसरं म्हणजे क्रमांक. तिकीट काढतानाच तो टाकलेला बरा. राहिला असेल तर वेब चेक-इनच्या वेळी टाका. तेही राहिलं तर नंतर मागणी करता येते, पण तिला मुदत असते आणि पीएनआर, तिकीट क्रमांक, बोर्डिंग पास जपून ठेवावे लागतात. मी सगळ्यांना सांगते, विमानात बसल्यावर बोर्डिंग पासचा फोटो काढा आणि त्यावर सदस्य क्रमांक छापलाय का ते बघा.

वरच्या एका दादांनी कंपनी निवडण्याबद्दल लिहिलंय, त्याला एक जोड देते. ऑफिसचा एखाद्या विमान कंपनीशी करार असेल तर तिथलं कॉर्पोरेट भाडं बघा. त्यात बहुतेकदा जेवण, सीट आणि तारीख बदलण्याची सवलत धरलेली असते. सदस्यत्वाच्या खालच्या श्रेणीत ज्यासाठी धडपडायचं, त्यातलं बरंच काही या भाड्यातच मिळून जातं. मीटिंग लांबली आणि रात्री नऊचं विमान सकाळवर ढकलायचं झालं, तर ही सवलत कोणत्याही पॉइंटापेक्षा उपयोगी पडते.

बेंगळुरू, सॉफ्टवेअर (मूळचा साताऱ्याचा)

आतापर्यंतचे बहुतेक जण वेळापत्रकाच्या बाजूचे दिसतात. मी दुसरी बाजू मांडतो. बेंगळुरूहून दिल्ली आणि मुंबईला दोन्ही मोठ्या कंपन्यांची भरपूर विमानं आहेत, तेव्हा वेळापत्रक माझ्यासाठी बरोबरीत सुटतं. मग मी बघितलं की देशातल्या फिरतीचा परदेशात काय उपयोग होईल.

एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या जगभरातल्या विमान कंपन्यांच्या गटात आहे. महाराजा क्लबची गोल्ड किंवा प्लॅटिनम श्रेणी असेल तर तुम्ही स्टार अलायन्स गोल्ड ठरता. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड अशा कंपन्यांच्या इकॉनॉमीत बसलात तरी लाउंज, वेगळी रांग आणि जादा सामान मिळतं. माझा एखादा परदेश दौरा असतो आणि बहीण जर्मनीत आहे. तिच्यासाठी आई चकल्या, मेतकूट, गोडा मसाला देते, त्याचं वजन काही कमी नसतं! जादा सामानाचा उपयोग मला तिथे होतो.

आणखी एक बदल कामासाठी उडणाऱ्यांच्या फायद्याचा आहे. पूर्वी एअर इंडियाची योजना अंतर आणि भाड्याचा वर्ग बघायची. २०२४ मध्ये ती खर्चावर आधारली गेली. आयत्या वेळी महाग तिकीट काढावं लागणाऱ्याला त्यामुळे पॉइंट जास्त मिळतात. आधी ठरवून स्वस्तात जाणाऱ्याला हा बदल तितका मानवणार नाही, हेही खरंच.

आणि लाउंजसाठी श्रेणी मिळवायची असेल तर आधी आपलं क्रेडिट कार्ड तपासा. अनेक कार्डांवर देशांतर्गत लाउंज असतो, मात्र हल्ली त्याला ठरावीक खर्चाची अट लागलेली दिसते.

खारघर, औषध कंपनी

ताई, नवी मुंबई विमानतळाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून विचारतो. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून उड्डाणं सुरू झाली. पहिल्या दिवसापासून इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्टार एअर. पहाटेच्या विमानासाठी सांताक्रूझला जायचं तर मी अडीचला उठतो. आता विमानतळ घराजवळ आलंय. माझी श्रेणी मात्र ज्या कंपनीत आहे तिची मला सोयीची सगळी विमानं जुन्याच विमानतळावरून सुटतात. श्रेणी सोडून नव्याने सुरुवात करावी का?

*धागाकर्ती:* दादा, माझं उत्तर हो असं आहे. या वर्षाची श्रेणी जिथवर चालते तिथवर तिचे फायदे घ्या, पण नवी तिकिटं घराजवळच्या विमानतळावरून काढायला लागा आणि तिथल्या कंपनीच्या योजनेत आजच नाव नोंदवा. आठवड्यातून दोनदा दीड-दोन तास जास्त झोप मिळणार असेल तर त्यापुढे लाउंजमधला नाश्ता काहीच नाही. फक्त परतीचं बघा. जाताना नवी मुंबई आणि येताना सांताक्रूझ असं झालं तर पार्किंगमधली गाडी तिकडे आणि तुम्ही इकडे. पनवेल, उलवे, बेलापूरकडून जाणाऱ्या बाकीच्यांनीही लिहा. दिल्ली-बेंगळुरूसाठी तिथून कोणतं विमान धरता आणि रात्रीच्या परतीची सोय कशी आहे?