ईव्हीच्या दुरुस्तीला खरंच लाखात खर्च येतो का? (आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-५०४ : नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल गाडी आता काढायची आहे आणि घरात इलेक्ट्रिकचं घाटतंय. चार्जिंगचा हिशोब जमला. पण यांचं म्हणणं, एकदा काही बिघडलं की थेट लाखात जातं. सोसायटीत ज्यांच्याकडे ईव्ही आहे त्यांनी खरं काय ते सांगाल का? शोरूममध्ये सगळं गोडच सांगतात.

सी-१२०२ : ताई, नेहमीच्या सर्व्हिसची काळजी सोडा. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंटची पातळी, अलाइनमेंट, संपलं. माझ्या जुन्या डिझेलच्या निम्म्यानेही बिल येत नाही. टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीमुळे गाडी जड आणि पिकअप एकदम, त्यामुळे टायरवर जोर येतो. रोटेशन चुकवू नका.

बी-३०१ : ब्रेक पॅडही खूप टिकतात. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पाय उचलला की रीजनवरच (मोटरच वीज बनवत वेग कमी करते) गाडी हळू होते. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिली की डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी घासल्याचा आवाज येतो. घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो.

ए-१०१ : मग अडचण कुठे आहे? आमच्या ओळखीच्या एकाची गाडी महिनाभर सर्व्हिस सेंटरला पडून होती म्हणे.

डी-९०६ : काका, अडचण तिथेच आहे. जरा लांब लिहितो, पण ताईंनी गाडी बुक करण्याआधी वाचावं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझी गाडी उघडेचना. आदल्या रात्री चार्ज ८० टक्क्यांच्या वर होता, पण स्क्रीन काळी आणि रिमोटला दाद नाही. फ्लॅटबेड मागवली. (ईव्ही दोन चाकं रस्त्यावर ठेवून किंवा दोरीने ओढून नेऊ देऊ नका. मोटर जोडलेली चाकं रस्त्यावर फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं.) सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी तशीच उभी, कारण हाय व्होल्टेजचं काम करायला प्रशिक्षण घेतलेला एकच मुलगा आणि तोही रजेवर. मग ॲडव्हायझरचा फोन आला : मोठ्या बॅटरीचा प्रॉब्लेम दिसतोय, वॉरंटीत बसेल की नाही ते वरून कळवतील. घरात सगळ्यांची झोप उडाली.

मी एकच हट्ट धरला. कोणता एरर कोड आला ते जॉब कार्डवर लिहून द्या. ते काही मिळेना, म्हणून गाडी तुर्भ्याच्या दुसऱ्या वर्कशॉपला हलवली. तिथल्या टेक्निशियनने मोठ्या बॅटरीला हातच लावला नाही. बॉनेट उघडलं, मल्टिमीटर लावला आणि मला आकडा दाखवला : १२ व्होल्टची छोटी बॅटरी ९ वर आली होती. दरवाजे, स्क्रीन, कंट्रोलर सगळं तिच्यावर चालतं, आणि मोठ्या बॅटरीचा काँटॅक्टर (तिला गाडीशी जोडणारा स्विच) जोडून गाडी सुरू करण्याचं कामही तिचंच. ती बसली की मोठीत कितीही चार्ज असो, गाडी मेलेली. नवी टाकली आणि मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तिला नीट चार्ज करतोय का तेही तपासलं, कारण तो बिघडला असता तर नवी बॅटरीही बसली असती. बिल सात हजारांच्या आत. या छोट्या बॅटरीला मोठ्या बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी लागू नसते, हे मात्र आधी विचारून ठेवा.

ए-५०४ : बापरे! म्हणजे मोठ्या बॅटरीचं नाव काढून नुसतं घाबरवलं?

डी-९०६ : मुद्दाम घाबरवलं असं मी म्हणणार नाही, ताई. तपासणारा माणूस नव्हता म्हणून अंदाज सांगितला. पण आपल्यासाठी त्याचा परिणाम तोच. म्हणून माझं ठाम मत आहे : गाडी निवडताना रेंजच्या आधी सर्व्हिस सेंटर निवडा. ठाणे-नवी मुंबईत हाय व्होल्टेजचं काम करणारी किती माणसं आहेत, आणि बॅटरी मॉड्यूल (पॅकमधला सेलचा एकेक गट) इथेच बदलतात की पॅक कंपनीकडे पाठवतात, हे विचारा. पॅकमधला एक मॉड्यूल गेला म्हणून सगळा पॅक बदलावाच लागतो असं नाही.

सी-१२०२ : अगदी बरोबर. आणि वॉरंटीची पुस्तिका वाचा. बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते. आता काही कंपन्या 'लाइफटाइम' देतात, पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली की मुदत कमी होते.

बी-३०१ : सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. आणि बॅटरीचा एसओएच रिपोर्ट (तिची क्षमता किती उरली ते सांगणारा) घेतल्याशिवाय टोकन देऊ नये. ओडोमीटरवरून बॅटरीची तब्येत कळत नाही.

ए-१०१ : वागळे इस्टेटचा आपला मेकॅनिक यातलं काहीच करू शकणार नाही का? वीस वर्षांचा अनुभव आहे त्याला.

डी-९०६ : सस्पेन्शन, ब्रेक, टायर, बॉडीचं काम खुशाल द्या, काका. नारिंगी (म्हणजे हाय व्होल्टेजच्या) वायरी दिसतात तिथे मात्र नको. आणि एसीचं काम नकोच नको. ईव्हीचा एसी कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्यात सहसा पीओई तेल असतं, ते वीज वाहू देत नाही. बाहेर गॅस भरताना साध्या गाडीचं पीएजी तेल आत गेलं तर इन्सुलेशनचा फॉल्ट येऊन गाडी बंद पडू शकते. गॅसचे दोन हजार वाचवायला जाऊन कॉम्प्रेसर बदलायची वेळ.

ए-५०४ : आणि इन्शुरन्स? प्रीमियम जास्त सांगतायत.

डी-९०६ : थर्ड पार्टी उलट स्वस्त असतं, ईव्हीला १५ टक्के सूट आहे. ३० ते ६५ किलोवॅटच्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकात २,९०४ रुपये होते. जास्त पैसे ओन डॅमेजला (आपल्याच गाडीच्या नुकसानाच्या विम्याला) जातात, आणि तिथे काटकसर करू नका. साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. ईव्हीत सगळ्यात महाग वस्तूच बॅटरी, म्हणजे निम्मी रक्कम तुमच्या खिशातून. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घ्याच, आणि ते बॅटरीलाही लागू आहे का ते मेलवर लिहून घ्या. पाणी शिरून किंवा चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज वाढून झालेल्या नुकसानासाठी वेगळं बॅटरी कव्हर असतं, तेही बघा. आपल्याकडचा पाऊस आणि गायमुखचे खड्डे धरून सांगतोय. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. खालून जोरात लागलं तर गाडी लिफ्टवर चढवून फोटो काढा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. नंतर पॅकमध्ये ओल निघाली तर कधी लागलं हे सिद्ध करत बसावं लागतं.

बी-३०१ : ताई, गाडीवर जीएसटी ५ टक्के असला तरी दुरुस्तीवर १८ आहे. एस्टिमेट घेताना टॅक्स धरून आहे का विचारा, आकडा बराच फिरतो.

सेक्रेटरी (ए-७०२) : सोसायटीच्या बाजूने एक. कृपया कॉमन प्लगला एक्स्टेंशन लावून चार्जिंग करू नये. स्वतंत्र मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करता येतो, एनओसी आम्ही देतो. अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत. बी विंगच्या पार्किंगचं अर्थिंग या आठवड्यात तपासून घेतो.

ए-५०४ : सगळ्यांचे मनापासून आभार. शोरूमला आजच मेल टाकते : १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी, मॉड्यूल कुठे बदलतात आणि झिरो डेपमध्ये बॅटरी आहे का. डी-९०६ दादा, तुमची पॉलिसी बघायला शनिवारी यांना पाठवू का?

डी-९०६ : जरूर पाठवा, मी घरीच आहे. तुर्भ्याचं ते बिलही काढून ठेवतो.