मदत हवी आहे : सोनामुखीचा स्टोमॅटल इंडेक्स १५.२ येतोय. टिनेवेली धरायची की अलेक्झांड्रियन?

पर्णरंध्र

रबाळे एमआयडीसीतल्या लहान आयुर्वेदिक युनिटची लॅब आहे. सोनामुखीचा लॉट आलाय. सोनामुखीचे प्रकार दोन, टिनेवेली आणि अलेक्झांड्रियन. कागदावर टिनेवेली, म्हणजे कॅशिया अँगुस्टिफोलिया लिहिलंय. माल अख्ख्या पानांचा नाही, तुकडे आहेत, बहुतेक ८ ते १० मि.मी.चे. त्यामुळे टोक, बुंधा, लांबी-रुंदी यावरून काही ठरवता येत नाही.

केलेलं काम असं: दहा तुकडे घेतले, प्रत्येकाचा अर्धा भाग कोरडा ठेवला. उरलेला अर्धा पारदर्शक करायला क्लोरल हायड्रेटमध्ये (५ ग्रॅमला २ मिली पाणी) वॉटर बाथवर १० मिनिटं गरम करून स्लाइड केली. मायक्रोस्कोपला ४०चं ऑब्जेक्टिव्ह, १०चा आयपीस. प्रत्येक तुकड्यावर एक फील्ड मोजलं. स्टोमॅटल इंडेक्सचं सूत्र नेहमीचंच: स्टोमाटा (पानावरची सूक्ष्म रंध्रं) भागिले (स्टोमाटा अधिक एपिडर्मल, म्हणजे त्वचेच्या पेशी) गुणिले १००.

सरासरी १५.२. पुस्तकात टिनेवेलीला १७.१ ते २०.० आणि अलेक्झांड्रियनला ११.४ ते १३.३ दिलंय. आमचा आकडा दोन्हींच्या मधोमध लटकतोय. लॉट नाकारायचा की घ्यायचा? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पॅलिसेड

१५.२ हा कुठल्याच पानाचा आकडा नसावा. सरासरी काढल्यामुळे तो जन्माला आला असेल. दहाचे दहा आकडे सुटे द्या, तुकड्याच्या नंबरासकट. त्याआधी लॉटबद्दल कोणी काही सांगितलं तर ती अटकळच.

पर्णरंध्र

१) १२.१ २) १८.४ ३) ११.८ ४) १८.९ ५) १७.६ ६) १२.६ ७) १२.० ८) १८.२ ९) १७.९ १०) १२.३

ठाणेकर फार्माकॉग

मग सरळ आहे, भेसळ. पाच टिनेवेली, पाच अलेक्झांड्रियन. लॉट परत करा.

पॅलिसेड

इतकं सरळ नाही. अलेक्झांड्रियन सोनामुखी मूळची सुदान-इजिप्तकडची. टिनेवेलीचं नावच तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीवरून पडलंय, आणि आपल्याकडे बाजारात येते ती तीच, तमिळनाडूची किंवा राजस्थान-गुजरातची. स्वस्त देशी मालात निम्मी परदेशी सोनामुखी कोण कशाला मिसळेल? भेसळ नेहमी स्वस्त वस्तूची होते.

आकड्यांचे दोन गट पडले की दोन गोष्टी संभवतात. एक तर खरंच दोन प्रकारची पानं आहेत, नाहीतर निम्म्या स्लाइड बिघडल्या आहेत. आधी दुसरी शक्यता निकालात काढायची.

चूक कुठल्या दिशेला ओढते ते बघा. समजा एका फील्डमध्ये खरे स्टोमाटा ३८ आणि एपिडर्मल पेशी १७०. इंडेक्स ३८ भागिले २०८, म्हणजे १८.३. आता:

प्रत्येक रंध्राच्या दोन रक्षक पेशी वेगवेगळ्या मोजल्या तर ७६ भागिले २४६, म्हणजे ३०.९.
सबसिडियरी पेशी (रंध्राला लागून असलेल्या) एपिडर्मल पेशींतून वगळल्या तर छेद आटतो आणि आकडा २५च्या पुढे सहज जातो. त्या वगळायच्या नसतात, साध्या पेशींतच धरायच्या.
१४ स्टोमाटा नजरेतून सुटले आणि २४च मोजले तर २४ भागिले १९४, म्हणजे १२.४.

शेवटचा आकडा तुमच्या खालच्या गटात चपखल बसतो! नीट पारदर्शक न झालेलं टिनेवेलीचं पान अलेक्झांड्रियनचं सोंग घेतं. तुमची १० मिनिटं कमी पडली असावीत असा माझा संशय आहे. प्रमाण पद्धतीत उकळत्या बाथवर सुमारे १५ मिनिटं किंवा तुकडा पारदर्शक होईपर्यंत असं आहे, आणि त्यातलं "पारदर्शक होईपर्यंत" हे जास्त महत्त्वाचं. घड्याळाकडे पाहू नका. परीक्षानळी छापील कागदासमोर धरा, तुकड्यामागची अक्षरं दिसायला लागली पाहिजेत.

स्लाइडवाली

वरील प्रतिसादाला अनुमोदन. सोनामुखीत आणखी दोन अडचणी असतात.

पहिली म्हणजे म्युसिलेज, चिकट बुळबुळीत पदार्थ. एपिडर्मिसच्या बऱ्याच पेशींत तो असतो. सुकलेलं पान थेट क्लोरलमध्ये टाकलं की पेशी नीट फुगत नाहीत, हवा अडकते, काळे ठिपके दिसतात. आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, टिपकागदावर पाणी टिपा, मग ५ मि.मी.चा चौकोन कापून साधारण ५ मिली क्लोरलमध्ये टाका. बुडबुडे राहिले तर स्लाइडवरच हलकी ऊब द्या.

दुसरी अडचण फोकसची. सोनामुखीचं पान आयसोबायलॅटरल, दोन्ही बाजूंना पॅलिसेड (त्वचेखालचा उभ्या पेशींचा थर), दोन्ही बाजूंना स्टोमाटा. पारदर्शक तुकड्यात फाइन नॉब फिरवताना वरची त्वचा संपून खालची कधी सुरू झाली ते कळत नाही. म्हणून तुकड्याचे दोन भाग करून एक सुलटा, एक उलटा ठेवा आणि लेन्सकडची बाजूच मोजा. तुटलेल्या मालात वरची कोणती, खालची कोणती हे कळलं नाही तर 'अ' आणि 'ब' लिहा, पण त्यांची सरमिसळ करू नका.

क्लोरल थंड झालं की सुया तयार होतात. नवशिक्यांना ते कॅल्शियम ऑक्झलेट वाटतं. कव्हरस्लिपच्या कडेला ग्लिसरीनचा थेंब सोडला की हा त्रास संपतो. सोनामुखीचं खरं ऑक्झलेट मधल्या पेशींत गुच्छांच्या रूपात आणि शिरेच्या तंतूंभोवती प्रिझमच्या रूपात असतं.

शिरेवर मोजू नका, तिथं पेशी लांबुळक्या होतात आणि स्टोमाटा जवळपास नसतात. कडेलाही नको. मधली शीर आणि कड यांच्यामधला पट्टा हवा. शीर किंवा कड यांपैकी काहीच न दिसणारा तुकडा असेल तर निदान जाड शिरा टाळा.

मोजणी डोळ्यांनी करण्यापेक्षा आयपीसला मोबाइल लावून फोटो काढा, कागदावर छापा आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. निम्म्याहून जास्त आत असलेली पेशी मोजायची, बाकी सोडायची. पानावरच्या केसाचं बूड एपिडर्मल पेशीत धरायचं. मायक्रोस्कोपमधलं चित्र कागदावर गिरवायचा कॅमेरा ल्युसिडा हल्ली कोणाकडे असतो!

ठाणेकर फार्माकॉग

मान्य, घाई केली. पण मग पॅलिसेड रेशो, म्हणजे एका एपिडर्मल पेशीखाली सरासरी किती पॅलिसेड पेशी ते, का काढत नाही? त्यानेही फरक कळतो ना?

पॅलिसेड

या जोडीला नाही. टिनेवेलीत ४ ते १२, अलेक्झांड्रियनमध्ये ४.५ ते १८. सरासऱ्या वेगळ्या असल्या तरी पल्ले एकमेकांत शिरलेत. ८ आला तर काय लिहिणार? सोनामुखीत तो परीक्षेपुरता ठीक.

उपयोगाचा आहे तो व्हेन-आयलेट नंबर, म्हणजे एका चौरस मि.मी.मध्ये बारीक शिरांनी वेढलेली किती बेटं बसतात तो आकडा. टिनेवेलीत १९.५ ते २२.५, अलेक्झांड्रियनमध्ये २५ ते २९.५. पल्ले भिडत नाहीत, आणि स्टोमाटाच्या मोजणीतली चूक इथं शिरू शकत नाही. एकाच तुकड्यावर दोन्ही काढायचे. दोघांनी एकच सांगितलं तर विश्वास ठेवायचा.

एक फरक ध्यानात घ्या. स्टोमॅटल इंडेक्स हे गुणोत्तर आहे, त्याला मायक्रोमीटर (मायक्रोस्कोपखालची मोजपट्टी) लागत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरी यांनी १९२७मध्ये ही कल्पना मांडली ती याचसाठी: चौरस मि.मी.मधले स्टोमाटा ऊन, पाणी, पानाचं वय यांप्रमाणे कमीजास्त होतात, पण पेशी ताणल्या तर सगळ्याच ताणल्या जातात, त्यामुळे गुणोत्तर फार हलत नाही. व्हेन-आयलेट मात्र क्षेत्रफळावर आहे, म्हणून स्टेज मायक्रोमीटरने फील्ड मोजणं आलंच. आयपीसवर फील्ड नंबर १८ असेल तर १०च्या ऑब्जेक्टिव्हला व्यास साधारण १.८ मि.मी. भरतो, पण तो कागदोपत्री. प्रत्यक्ष मोजा.

पद्धत: क्लोरलमध्ये पारदर्शक केलेल्या तुकड्यावर लागून असलेले ४ चौरस मि.मी. आखा. पूर्ण आतली बेटं मोजा. कडेवर कापली गेलेली फक्त दोन लगतच्या बाजूंची धरा, उरलेल्या दोन बाजूंची सोडा. बेरजेला ४ने भागा. तुकडा सलग २ गुणिले २ मि.मी. मिळाला नाही तर हा प्रयोग सोडा, तुकडे जोडून बेरीज करू नका.

कासोद

थोडं पुढे जोडतो. हे दोन प्रकार वेगळे की एकच हा वाद जुना आहे. आता बहुतेक ठिकाणी दोन्ही मिळून सेना अलेक्झांड्रिना हे एकच नाव चालतं. त्यामुळे तुमच्या लॉटचा खरा प्रश्न "दोघांपैकी कोणती" हा नसून "सोनामुखीच आहे का" हा असावा. त्यासाठी केस बघा.

सोनामुखीचे केस एकपेशी, जाड भिंतीचे, खरखरीत दाणेदार, बुडाशी वाकलेले. टिनेवेलीत दोन केसांमध्ये सरासरी सहा पेशींचं अंतर, अलेक्झांड्रियनमध्ये तीनाचं. स्टोमाटाही बघा: अलेक्झांड्रियनमध्ये बहुतेकांना दोनच सबसिडियरी पेशी, टिनेवेलीत दोनवाले आणि तीनवाले ७:३ या प्रमाणात.

भेसळ म्हणून आपल्याकडे जवळचा उमेदवार तरवड, कॅशिया ऑरिक्युलाटा. घाटावर, देशावर माळरानात पिवळ्या फुलांचं झुडूप उभं असतं तेच. त्याचे केस लांब आणि जवळजवळ गुळगुळीत. शंका असलेला कोरडा तुकडा पांढऱ्या टाइलवर ठेवून ८० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाका. तरवड किरमिजी लाल होतो. शेजारी खात्रीच्या सोनामुखीचा तुकडा ठेवून तोच थेंब टाका आणि पहिल्या काही मिनिटांतच रंग बघा. नंतर आम्ल सगळंच करपवतं, मग तपकिरीला लाल म्हणायचा मोह होतो.

वजनी ८० टक्क्यांसाठी १.८ मिली पाण्यात ४.४ मिली तीव्र आम्ल. आम्ल पाण्यात, भांडं बर्फात, थेंब थेंब. उलटं केलंत तर अंगावर उडेल.

पर्णरंध्र

सगळ्यांचे आभार. फेरमोजणी केली. १, ३, ६, ७, १० या खालच्या गटातल्या तुकड्यांचा राखून ठेवलेला अर्धा भाग घेतला, त्यातला थोडा कोरडाच ठेवला. अर्धा तास भिजवून अक्षरं दिसेपर्यंत गरम केलं, त्याला २० ते २५ मिनिटं लागली. नंबर झाकून सहकाऱ्याकडून मोजून घेतलं.

१) १७.९ ३) १८.३ ६) १७.४ १०) १८.८

व्हेन-आयलेट: १ नंबर ८४ भागिले ४, म्हणजे २१. ३ नंबर २०.५. १० नंबर २२. सहावा तुकडा लहान पडला, सोडला.

सातव्याचं वेगळंच निघालं. केस लांब, भिंत गुळगुळीत. केसांच्या बुडांमुळे मोजणी पटेना, म्हणून आकडा देत नाही. कोरड्या भागावर आम्ल टाकलं तर किरमिजी. शेजारचा दुसरा तुकडा तसा झाला नाही.

पॅलिसेड

म्हणजे चार स्लाइडचा दोष आणि एक परका तुकडा. पहिल्या सरासरीत दोन्ही झाकले गेले होते.

आता दहावर थांबू नका. लॉटमध्ये ५ टक्के परके तुकडे असतील तर दहा तुकड्यांत एकही न सापडण्याची शक्यता जवळपास ६० टक्के. ती ५ टक्क्यांखाली आणायला ५९ तुकडे लागतात. गोणीच्या वरून, मधून, तळातून घ्या, ढीग करून चौथाई पद्धतीने (चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) कमी करा. सगळ्यांचा इंडेक्स काढायची गरज नाही. १०च्या हातभिंगाखाली केस बघून संशयित बाजूला काढा, आम्लाचा थेंब फक्त त्यांना.

स्लाइडवाली

तळातून नक्की घ्या. वाहतुकीत बारीक तुकडे खाली बसतात, वरच्या मुठीत ते येतच नाहीत.

पर्णरंध्र

५९ करतो. एक शेवटचं: मोजणीचा हात बसायला सराव कशावर करावा? खात्रीची सोनामुखी थोडीच आहे.

कासोद

टाकळा. पावसाळ्यात घणसोलीच्या रस्त्याकडेपासून येऊरच्या पायथ्यापर्यंत हवा तितका मिळतो. याच कुळातला, स्टोमाटा त्याच धाटणीचे. ताजं पान असल्याने भिजवायला नको. एकच स्लाइड दोघांनी वेगवेगळी मोजा आणि इंडेक्समध्ये एकाहून जास्त फरक येतोय तोवर सोनामुखीला हात लावू नका. तरवडाचा खात्रीचा नमुना हवा असेल तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमला (सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आधी विचारून जा. तिथल्या शीटवरून पान तोडता येत नाही, पण भिंगाखाली केस बघायला तेवढं पुरतं.

ठाणेकर फार्माकॉग

उरलेल्या टाकळ्याच्या भाजीची रेसिपी वेगळ्या धाग्यावर टाका :)