सूतोवाच म्हणजे नक्की काय?

'अध्यक्षांनी शुल्कवाढीचे सूतोवाच केले' असं वाक्य बातमीत वाचलं की हमखास प्रश्न पडतो, वाढ जाहीर झाली की नाही? माझ्या मते नाही झाली. जाहीर झाली असती, तर 'सूतोवाच' हा शब्द तिथे नकोच होता.

शब्दाचं मूळ पाहिलं की हे लगेच पटतं. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी सत्राला, म्हणजे दीर्घ यज्ञाला, बसलेले आहेत, ते प्रश्न विचारतात आणि सूत हा पुराणिक कथा सांगू लागतो, अशी अनेक पुराणांची मांडणी असते. सूताचं बोलणं सुरू होण्याआधी 'सूत उवाच', म्हणजे 'सूत म्हणाला', एवढे दोनच शब्द येतात. कथा अजून पुढे असते, पण ती आता येणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. मराठीनं हे अख्खं वाक्यच उचललं, त्याचं नपुंसकलिंगी नाम केलं आणि त्याला 'करणे' जोडलं. 'ओं नमः'चा 'ओनामा' झाला, तसंच हे. मला मराठीची ही धिटाई फार आवडते.

धिटाई म्हणायचं कारण, संस्कृतच्या नियमानं हा संधी होतच नाही. 'सूतः' आणि 'उवाच' जवळ आले की विसर्ग लोपतो आणि 'सूत उवाच' एवढंच उरतं. पुढे गुणसंधी, म्हणजे 'अ' आणि 'उ' मिळून 'ओ', होत नाही. गीतेत 'सञ्जय उवाच', 'अर्जुन उवाच' असंच आहे, 'अर्जुनोवाच' कुठेही नाही. ('श्रीभगवानुवाच' जोडून येतं, कारण तिथे विसर्ग नसून 'न्' आहे.) म्हणून सूतोवाच चूक ठरवायचं का? अजिबात नाही. तो मराठीत घडलेला, मराठीत रुळलेला शब्द आहे. लिहिताना मात्र 'सू' दीर्घच हवा. ऱ्हस्व 'सुत' म्हणजे मुलगा, जसं पवनसुत. तेव्हा 'सुतोवाच' लिहिलं तर 'मुलगा म्हणाला' असा भलताच अर्थ होतो. धाग्याच्या सुताशीही याचा काही संबंध नाही.

आता वापर. वर्षअखेरची बैठक संपत आलेली असते. साहेब कागद आवरता आवरता म्हणतात, "पुढच्या वर्षी कामाची वाटणी जरा वेगळी असेल. बोलू सवडीनं." आणि उठतात. कोणाचं काम कोणाकडे जाणार, कधीपासून, एक अक्षर नाही. तरी खोलीतला प्रत्येक जण बाहेर पडताना तेच बोलत असतो. हे अस्सल सूतोवाच. बोलणाऱ्याच्या हातात ती गोष्ट आहे, ती अजून घडायची आहे, आणि उरलेली कथा तोच पुढे सांगणार आहे.

हेच वाक्य शेजारच्या टेबलावरचा सहकारी बोलला, तर ती कुणकुण किंवा अंदाज. साहेबांनाच लोकांचा कल बघायचा असेल, तर तो खडा टाकून पाहणं. 'वाटणी बदलावी लागेल बरं का' असं एकाकडे रोखून म्हटलं, तर इशारा. 'काही जणांना काम फारच कमी आहे' हा टोमणा. त्यात पुढे घडायचं असं काही नाही, जे बोचायचं ते तिथल्या तिथे बोचलं. आणि एकाला बोलून दुसऱ्याला ऐकवायचं असेल, तर त्याला 'लेकी बोले सुने लागे' आहेच.

संकेताशी मात्र बरीच गल्लत होते. 'बाजारातल्या घसरणीनं मंदीचं सूतोवाच केलं' असं लिहिलेलं दिसतं, ते मला खटकतं. 'उवाच'मध्ये बोलणं आहे. घसरण बोलत नाही, ढगही बोलत नाहीत; ते संकेत देतात, चाहूल देतात. सूतोवाचाला तोंड उघडणारं माणूस लागतं.

'सूचित करणे' वापरलं तर बिघडत नाही, पण ते कशालाही चालतं, झालेल्या गोष्टीलासुद्धा. 'चूक आपलीच होती, असं त्यांनी सूचित केलं' हे बरोबर. तिथे 'चुकीचं सूतोवाच केलं' लिहून पाहा, अर्थ उलटाच होतो: चूक अजून व्हायची आहे!